मांगा वाचायला सुरुवात: कोणाला कोणती मालिका सुचवाल?

टाकबोरू (धागाकर्ती)

मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, कुठून सुरू करू, असं कुणी विचारलं की आपण पटकन सगळ्यांत गाजलेली नावं सांगतो. 'वन पीस' घे, 'नारुतो' घे. 'वन पीस' 1997 पासून चालू आहे, शंभराच्या वर खंड निघालेत आणि शेवट अजून यायचाय. मालिका उत्तम आहे, त्यात वाद नाही. पण ज्याने आजवर एकही मांगा पुरा वाचलेला नाही, त्याच्या हातात पहिल्यांदा ती देणं मला पटत नाही. असा वाचक दहाव्या-बाराव्या खंडाशी दमतो आणि 'मांगा हे काही आपलं नाही' असं ठरवून मोकळा होतो. त्याला कदाचित तीन खंडांत संपणारी भयकथा आवडली असती. किंवा एका शल्यविशारदाची गोष्ट. किंवा नवऱ्यासाठी कपड्यांवर भरतकाम करणाऱ्या नववधूची. त्याच्यापर्यंत ती पोचलीच नाही.

माझं म्हणणं असं, की एरवी तुम्ही कोणती पुस्तकं उचलता ते बघा. त्याच्या जवळची, पूर्ण झालेली आणि शक्यतो आटोपशीर मालिका आधी घ्या. मोठ्या नावांकडे नंतर कधीही जाता येतं.

शोनेन, शोजो, सेइनेन, जोसेई या शब्दांवरूनही निवड करू नका. मालिका कोणत्या वाचकांसाठीच्या नियतकालिकात छापली गेली, एवढंच त्यावरून कळतं: मुलगे, मुली, प्रौढ पुरुष, प्रौढ स्त्रिया. आत काय आहे ते कळत नाही. केजी नाकाझावांचं 'बेअरफूट गेन' हे हिरोशिमावरच्या अणुबॉम्बचं सगळ्यांत थेट चित्रण. लेखक स्वतः सहा वर्षांचे असताना त्या स्फोटातून वाचले; वडील, बहीण आणि धाकटा भाऊ गेले. ही मालिका 1973 मध्ये सुरू झाली ती 'शोनेन जंप' या मुलांच्या साप्ताहिकात. तेव्हा 'शोनेन म्हणजे मारामाऱ्या' हे समीकरण सोडून द्या.

आता माझ्या शिफारशी.

रहस्यकथा वाचणाऱ्यांना मी डोळे मिटून नाओकी उरासावांचं 'मॉन्स्टर' देते. 18 खंड, 1994 ते 2001. साल 1986, जर्मनीतलं ड्युसेलडॉर्फ. डॉ. तेन्मा हा जपानी मेंदूशल्यविशारद. डोक्यात गोळी लागलेला एक लहान मुलगा शस्त्रक्रियेसाठी आणला जातो आणि पाठोपाठ शहराचा महापौर येतो. वरिष्ठ सांगतात, महापौरांना घ्या. तेन्मा आधी आलेल्या मुलाला घेतो. मुलगा वाचतो, महापौर दगावतो. काही वर्षांनी तेन्माला कळतं की ज्याला आपण वाचवलं तो खुनी आहे. पुढचं सांगत नाही. पण यातली खरी मजा पाठलागात नाही. दोन-तीन प्रकरणांपुरती येणारी माणसं, निवृत्त पोलीस, दारुडा गुप्तहेर, खेड्यातला डॉक्टर, उरासावा इतकी पूर्ण उभी करतात की मुख्य कथा थांबल्याची तक्रार करावीशी वाटत नाही. चेहरे बघा त्यांचे. प्रत्येकाचं नाक, प्रत्येकाच्या गालावरची सुरकुती वेगळी.

18 खंड जास्त वाटत असतील तर त्यांचंच 'प्लूटो' घ्या, 8 खंड. ओसामु तेझुकांच्या 'अ‍ॅस्ट्रो बॉय'मधल्या एका कथेची ही नव्याने केलेली मांडणी. मूळ कथा वाचलेली असण्याची गरज नाही. पहिल्याच खंडात स्कॉटलंडमधला एक अंध, खडूस संगीतकार आणि त्याच्याकडे कामाला आलेला, पूर्वी युद्धात वापरलेला यंत्रमानव यांची कथा आहे. त्या यंत्रमानवाला पियानो शिकायचाय. तेवढं वाचा आणि मग पुढे जायचं की नाही ते ठरवा.

विज्ञानकथांत दुसरी शिफारस माकोतो युकिमुरांचं 'प्लॅनेटीस', फक्त 4 खंड. पृथ्वीभोवती फिरणारा अंतराळातला कचरा गोळा करणाऱ्या कामगारांची कथा, काळ 2070 चं दशक. परग्रहवासी नाहीत, तारायुद्ध नाही. एक सुटा स्क्रू भरधाव येऊन यान फोडू शकतो आणि माणसं मरतात, हे वास्तव आहे आणि त्या कामावर रोज जाणारी माणसं आहेत.

रोजच्या जगण्याच्या गोष्टी आवडतात त्यांनी हिरोमु अराकावांचं 'सिल्व्हर स्पून' वाचावं, 15 खंड. बाईंचं बालपण होक्काइदोमध्ये दुग्धव्यवसाय करणाऱ्या घरात गेलं, ते पानापानांत दिसतं. अभ्यासाच्या स्पर्धेला विटलेला शहरी मुलगा शेतीशाळेत दाखल होतो. तिथे तो डुकराच्या एका अशक्त पिल्लाला जीव लावतो, आणि ते शेवटी कापलं जाणार हे त्याला पहिल्यापासून ठाऊक असतं. लेखिका यावर ना भाषण देते, ना डोळे पुसते. कत्तलखान्यापर्यंतचं सगळं नीट दाखवते आणि निर्णय मुलावर सोपवते.

इतिहासात रमणाऱ्यांना काओरु मोरींचं 'अ ब्राइड्स स्टोरी'. एकोणिसाव्या शतकातला मध्य आशिया, भटक्या आणि वस्ती करून राहिलेल्या जमाती. गालिचे, भरतकाम, लाकडावरचं कोरीवकाम बाईंनी असं काढलंय की एका पानावर बराच वेळ जातो. सुरुवातीलाच सांगते, पहिल्या जोडप्यात वधू वीस वर्षांची आणि वर बारा वर्षांचा आहे. त्या काळाची रीत म्हणून ते येतं, पण काहींना खटकू शकतं. मालिका अजून चालू आहे. पण कथा एका वधूकडून दुसरीकडे जात असल्यामुळे अर्धवट राहिल्यासारखं वाटत नाही.

पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी आणखी एक. पान उजवीकडून डावीकडे वाचायचं, चौकटीही त्याच क्रमाने, संवादांचे फुगेही. पहिल्या प्रकरणात अडखळायला होतं, नंतर डोळे आपोआप वळतात. आणि भरभर वाचू नका. मांगात पुष्कळ चौकटी मुद्दाम रिकाम्या असतात: एक खिडकी, पाऊस, रिकामं वर्गदालन. त्यांवरून नजर नुसती सरकली तर कथा कळते, पण तिचा वेग हरवतो.

तुमच्या शिफारशी लिहा. एकच विनंती: नुसतं नाव नको. कोणाला आवडेल आणि का, तेही लिहा.

रातकिडा

धागा वाचनखुणेत ठेवला.

भयकथा मी घेतो. जुन्जी इतो यांचं 'उझुमाकी', 3 खंड, 1998-99. एका गावाला सर्पिल आकाराने झपाटलंय, कथासूत्र एवढंच. भूत नाही, खुनी नाही, सूड नाही. धुरात, केसांत, शिंपल्यांत, कानाच्या आत, जिथे तिथे तो आकार दिसायला लागतो आणि माणसं त्यापुढे हतबल होतात. इतो आधी दंततंत्रज्ञ होते. शरीराचे बारकावे त्यांना किती स्वच्छ दिसतात ते पाहिलं की त्याचा संबंध जोडावासा वाटतो.

मांगात भीती कशी तयार होते ते शिकायचं तर हेच पुस्तक. पानाच्या शेवटच्या चौकटीत एखादं पात्र कशाकडे तरी बघून गोठतं. काय दिसलं ते पान उलटल्यावर कळतं, पूर्ण पानभर. उलटायचा हात आपलाच असतो! सिनेमात दृश्य आपल्यावर येऊन आदळतं, इथे आपण त्याला स्वतःहून सामोरे जातो. म्हणून इतोंच्या गोष्टी पडद्यावर तितक्या भिववत नाहीत असं माझं मत आहे.

तीन खंडही नको असतील तर त्यांची 'द एनिग्मा ऑफ अमिगारा फॉल्ट' ही छोटी कथा वाचा. डोंगराच्या कड्यावर माणसांच्या आकाराची भोकं सापडतात, आणि ज्याच्या-त्याच्या मापाचं भोक त्याला ओळखू येतं. बंद जागांची भीती असणाऱ्यांनी लांब राहावं.

जुनं चालत असेल तर काझुओ उमेझु यांचं 'द ड्रिफ्टिंग क्लासरूम', 1972 ते 1974. आख्खी शाळा मुलांसकट ओसाड जगात जाऊन पडते. त्यातली मोठी माणसं मुलांच्याही आधी कोलमडतात, आणि ते जास्त भीतिदायक आहे.

कोरीपाटी

मी अगदीच नवीन आहे. फँटसी आवडते, पण सतत लढाया असल्या की कंटाळा येतो. माझ्यासाठी काही?

टाकबोरू

कोरीपाटी, तुमच्यासाठी तीन.

युकी उरुशिबारांचं 'मुशिशी', 10 खंड. मुशी म्हणजे प्राणी आणि वनस्पती यांच्या पलीकडचे, बहुतेकांना न दिसणारे जीव. गिन्को नावाचा एक फिरस्ता गावोगाव जाऊन त्यांच्यामुळे आजारी पडलेल्यांना मदत करतो. जवळपास प्रत्येक प्रकरण स्वतंत्र आहे, त्यामुळे कुठूनही वाचता येतं. यात मुशी वाईट नसतात. ते त्यांच्या पद्धतीने जगतात आणि माणसं त्यांच्या वाटेत येतात. कधी कधी गिन्कोकडेही इलाज नसतो.

र्‍योको कुई यांचं 'डिलिशस इन डन्जन', 14 खंड, 2023 मध्ये पूर्ण झालं. भुयारातल्या राक्षसी प्राण्यांना मारून, शिजवून खाणारी टोळी. सुरुवात हलकीफुलकी आहे, पण त्या भुयाराची अन्नसाखळी, त्यातला समतोल, कोण कोणावर जगतं हे लेखिकेने एखाद्या जीवशास्त्रज्ञासारखं रचलंय. मध्यानंतर कथा पुष्कळ गडद होते आणि आधीचे हलके प्रसंग वेगळे दिसू लागतात. लढाया आहेत, पण त्या सोडवायच्या कोड्यांसारख्या.

तिसरं 'फ्रीरेन'. राक्षसराजाचा पराभव झालाय, वीर घरी परतलेत, आणि इथून कथा सुरू होते. हजार वर्षांहून जास्त जगलेल्या एल्फ (माणसांहून कितीतरी जास्त जगणारी काल्पनिक जमात) स्त्रीला कळतं की दहा वर्षं सोबत चाललेल्या माणसाला आपण ओळखूनच घेतलं नाही, आणि आता तो गेला. लेखन कानेहितो यामादा, चित्रं त्सुकासा आबे. मालिका पूर्ण नाही, तेवढं ध्यानात ठेवा. लढाया इथेही आहेत, पण उगाच लांबवलेल्या नाहीत.

आधी 'मुशिशी'चा पहिला खंड घ्या.

मधलंपान

सगळ्यांच्या याद्यांत शोजो कायम शेवटी येतं, नाहीतर येतच नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आज मांगाच्या पानावर भावना ज्या तऱ्हेने दाखवतात, चौकटी मोडून, पात्राला आख्ख्या पानावर मोकळं सोडून, मनातले शब्द फुग्याबाहेर विखरून, त्यातलं पुष्कळसं 1970 च्या दशकातल्या स्त्री-मांगाकांनी (मांगाका म्हणजे मांगा रचणारे) रुजवलं. मोतो हागिओ त्यांतल्या महत्त्वाच्या. त्यांचं 'द हार्ट ऑफ थॉमस' (1974) जर्मनीतल्या मुलांच्या वसतिगृहात घडतं. पहिल्या काही पानांतच एक मुलगा जीव देतो आणि उरलेली कथा मागे राहिलेल्यांची आहे. त्याच पिढीतल्या रियोको इकेदांचं 'द रोझ ऑफ व्हर्साय' 1972-73 चं. फ्रेंच राज्यक्रांती, राणी मारी आंत्वानेत, आणि मुलगा म्हणून वाढवलेली सेनाधिकारी ऑस्कर. इतिहासाच्या वाचकांनो, हे तुमचंही पुस्तक आहे. सुरुवातीच्या डोळ्यांतल्या चांदण्या पाहून बंद करू नका. जसजशी क्रांती जवळ येते तसतशी चित्रं आणि माणसं दोन्ही कठोर होत जातात.

नव्यांत नात्सुकी ताकाया यांचं 'फ्रूट्स बास्केट', 23 खंड, पूर्ण. मिठी मारली की राशिचक्रातल्या प्राण्यात बदलणारं घराणं, हे ऐकायला बालिश वाटतं. खरं तर ही घरातल्या छळाची आणि त्यातून हळूहळू बाहेर पडण्याची कथा आहे. आई-वडिलांनी नाकारलेल्या मुलांबद्दल इतकं समजून लिहिलेलं मी फार थोडं वाचलंय.

आणि आइ याझावांचं 'नाना'. टोकियोला जाणाऱ्या गाडीत नाना नावाच्याच दोन मुली भेटतात. एकीला प्रेम हवंय, दुसरीला स्वतःचा बँड मोठा करायचाय. मैत्री, ईर्षा, पैसा, चुकीची माणसं, सगळं आहे आणि कुणालाच सोपं करून दाखवलेलं नाही. 21 खंड निघाले; लेखिकेच्या आजारपणामुळे 2009 पासून मालिका थांबलेली आहे. तरीही वाचा. अपूर्ण असूनही मी ती अनेक पूर्ण मालिकांच्या आधी सुचवेन.

रुमिको ताकाहाशींचं 'मेझोन इक्कोकु' (15 खंड, 1980 ते 87) हवं तर प्रेमकथा म्हणून वाचा. भाडेकरूंच्या घराची तरुण विधवा व्यवस्थापिका आणि तिथे राहणारा नापास होणारा विद्यार्थी. कथेत वर्षं खरोखर सरतात, माणसं वयाने वाढतात. गेलेल्या नवऱ्याची आठवण पुसून टाकायची नाही आणि तरी पुढे जायचं, हे बाईंनी कमालीच्या हळुवारपणे हाताळलंय.

वळचण

मधलंपान, 'मेझोन इक्कोकु'ला अनुमोदन.

टाकबोरू, तुमच्या 'आधी आटोपशीर' या नियमाशी मात्र मी सहमत नाही. काही मालिकांची ताकदच लांबीत आहे, खेळाच्या मालिकांची तर नक्कीच. 'स्लॅम डंक' 31 खंडांचं आहे, 1990 ते 1996. लाल केसांचा, भांडखोर साकुरागी एका मुलीवर छाप पाडायला बास्केटबॉल संघात शिरतो. त्याला खेळ येत नाही. मूळ हालचाली तो आपल्यासमोर शिकतो, महिनोन्‌महिने, कंटाळत, चिडत. ताकेहिको इनोउए आपल्याला ती सगळी मेहनत बघायला लावतात. आणि मग शेवटचा सामना. त्याच्या अखेरच्या क्षणांत त्यांनी संवाद काढून टाकलेत. बुटांचा, चेंडूचा, प्रेक्षकांचा आवाजही लिहिलेला नाही, नुसत्या हालचाली. तिथे एकेका खेळाडूचा एकेक हावभाव आपल्याला वाचता येतो, कारण आधीचे तीस खंड आपण त्यांच्यासोबत काढलेले असतात. हे 4 खंडांत होणं शक्य नाही.

'हायक्यू' 45 खंड. व्हॉलीबॉल. यात हरणाऱ्या संघांना दिलेली पानं बघा. एखादा संघ पहिल्याच फेरीत बाद होतो आणि त्याच्या मुलांची संपलेली शालेय कारकीर्द आपल्याला हलवून जाते. मला तर खेळाची ओढही नव्हती, तरी ही मालिका सोडवली नाही.

ज्यांना छोटंच हवंय त्यांच्यासाठी ताइयो मात्सुमोतोंचं 'पिंग पाँग', 5 खंड. रेषा वाकड्यातिकड्या, चेहरे ओबडधोबड, आणि टेबल टेनिसचा वेग मात्र अंगावर येतो.

टाकबोरू

वळचण, 'स्लॅम डंक'च्या शेवटाबद्दल तुम्ही लिहिलंत ते शंभर टक्के खरं. तरी नवख्यांसाठी माझा आग्रह कायम आहे, आणि त्याचं कारण या मालिका ज्या पद्धतीने लिहिल्या जातात त्यात आहे.

साप्ताहिकातला मांगाका दर आठवड्याला साधारण एकोणीस पानं देतो. 'शोनेन जंप'मध्ये वाचकांच्या मतपत्रिका मोजल्या जातात आणि मागे पडणारी मालिका काही महिन्यांत बंद होते. म्हणून बऱ्याच लांब मालिकांचे पहिले दोन-तीन खंड चाचपडत जातात: विनोद जास्त, कथा सुटी, चित्रांचा हात बसलेला नाही. वाचक टिकला की मग लेखक मोठा पट मांडतो. अनुभवी वाचक हे ओळखून धीर धरतो, नवा वाचक पहिल्या खंडावरून निकाल देतो. मासिकातल्या मालिकांना श्वास घ्यायला जागा मिळते. युकिमुरांचं 'व्हिनलँड सागा' 2005 मध्ये साप्ताहिकात सुरू झालं आणि त्याच वर्षी मासिकात हलवलं गेलं. त्या चित्रांकडे पाहिलं की आठवड्याला एवढं काम अशक्यच होतं हे पटतं. (या सगळ्या व्यवहाराचं आतून दर्शन हवं असेल तर 'बाकुमान' वाचा, 20 खंड, दोन शाळकरी मुलं मांगाका व्हायला निघतात.)

'व्हिनलँड सागा'बद्दल इथेच लिहून टाकते. वायकिंगांची कथा, बापाच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेला थोरफिन. आठव्या खंडाच्या आसपास लढाया थांबतात आणि कथा एका शेतावर जाते, जिथे गुलाम जंगल तोडून जमीन लागवडीखाली आणतात. अनेक जण तिथे सोडतात. कृपा करून सोडू नका. आधीचं सगळं या शेतासाठी लिहिलंय. माणसं मारण्यात वाकबगार झालेला तरुण पहिल्यांदा गहू उगवलेला बघतो आणि आजवर आपण काय केलं ते त्याला कळायला लागतं. मालिका 2025 मध्ये पूर्ण झाली.

उंबरठा

'बर्सर्क' अजून कुणी लिहिलं नाही?

रातकिडा

उंबरठा, लिहायला हवंच, पण इशाऱ्यासकट. केंतारो मिउरा यांनी 1989 मध्ये सुरू केलेली ही गडद फँटसी. चित्रांची भव्यता दुसरीकडे क्वचितच बघायला मिळेल. ग्रिफिथ आणि गट्स यांची मैत्री, महत्त्वाकांक्षा आणि विश्वासघात हा भाग कुठल्याही मोठ्या शोकांतिकेच्या तोडीचा आहे. पण टोकाची हिंसा आहे, लैंगिक अत्याचार आहेत आणि तेही उघडपणे चितारलेले. ज्यांना ते सोसत नाही त्यांनी लोकांच्या आग्रहाला बळी पडून वाचू नये. मिउरा 2021 मध्ये 54 व्या वर्षी गेले. त्यांनी पुढची कथा मित्र कोउजी मोरी यांना सांगून ठेवली होती. 2022 पासून मोरींच्या देखरेखीखाली मिउरांच्या स्टुडिओतले चित्रकार ती पुढे नेत आहेत.

असाच इशारा इनिओ असानोंच्या 'गुडनाइट पुनपुन'ला (13 खंड). नायक म्हणून साध्या रेघांचा पक्षी, बाकी जग छायाचित्रासारखं. मन आधीच खचलेलं असेल तेव्हा हे हातात घेऊ नका. असानोंची ओळख करून घ्यायची तर 'सोलानिन' आहे. नोकरी सोडलेली तरुणी, तिचा गिटार वाजवणारा मित्र, पुढे काय करायचं हे न कळणं. तेही हलवतं, पण चिरडत नाही.

वळचण

युद्धावर आणखी दोन नावं. धाग्यात 'बेअरफूट गेन' आलंय, त्याच्या शेजारी ही ठेवावीत.

शिगेरु मिझुकी यांचं 'ऑनवर्ड टुवर्ड्स अवर नोबल डेथ्स', 1973. मिझुकी स्वतः दुसऱ्या महायुद्धात न्यू ब्रिटन बेटावर सैनिक होते, तिथे त्यांनी डावा हात गमावला. पुढची सगळी चित्रं एका हाताने काढली. माणसं व्यंगचित्रासारखी साधी आणि जंगल, समुद्र, प्रेतं अत्यंत तपशीलवार. सैनिकांना 'सन्मानाने मरा' असा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्यांवरचा त्यांचा संताप थंड झालेला नाही.

दुसरं फुमियो कोनो यांचं 'इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड', 3 खंड, 2007 ते 2009. हिरोशिमाची सुझु लग्न होऊन कुरे या नौदलाच्या बंदरात येते. चित्रं काढणारी, धांदरट, हसरी मुलगी. शिधा कमी होत जातो, ती रानातल्या पाल्याची भाजी करायला शिकते, जुने किमोनो उसवून कामाचे कपडे शिवते. वाचकाला अणुबॉम्बची तारीख ठाऊक असते, तिला नसते. 'गेन' अंगावर येतं. हे घरात शिरतं आणि तिथेच राहतं. दोन्ही वाचा, पण लागोपाठ नको.

चांदणवेल

माझी मुलगी बारा वर्षांची आहे. तिच्या वर्गात सगळे मांगा वाचतात. काय द्यावं आणि काय टाळावं?

मधलंपान

चांदणवेल ताई, मागच्या कव्हरवर बहुतेक इंग्रजी आवृत्त्यांत वयोगट छापलेला असतो, तो आधी बघा. आणि पहिला खंड तुम्ही स्वतः चाळा.

बिनधोक द्यावं असं 'योत्सुबा', कियोहिको आझुमा यांचं. पाच वर्षांची मुलगी आणि तिचं रोजचं कुतूहल: झोका, पाऊस, सायकल, फुगे. बारा वर्षांची मुलगी हसेल आणि तुम्हीही हसाल. वर आलेलं 'सिल्व्हर स्पून' पण चालेल. थोडी मोठी झाल्यावर 'अ सायलेंट व्हॉइस', 7 खंड, योशितोकी ओइमा यांचं. कर्णबधिर मुलीला शाळेत छळणारा मुलगा मोठेपणी तिला शोधत जातो. त्यात आत्महत्येचा विचार येतो, त्यामुळे तिने वाचलं तर तुम्हीही वाचा आणि तिच्याशी बोला. 'चेनसॉ मॅन' आणि 'टोकियो घोल' वर्गात फिरत असतील, ती एवढ्यात नकोत.

कोरीपाटी

अ‍ॅनिमे (म्हणजे मांगावरून केलेली अ‍ॅनिमेशन मालिका) आधीच बघितलेलं असेल तर तोच मांगा वाचण्यात अर्थ आहे का?

टाकबोरू

मालिकेवर अवलंबून. 'मॉन्स्टर'चं 74 भागांचं अ‍ॅनिमे मूळ मांगाशी अगदी प्रामाणिक आहे, ते पाहिलं असेल तर दुसरं काही घ्या. 'द प्रॉमिस्ड नेव्हरलँड'चं उलट: दुसऱ्या सीझनने मांगातला मोठा भाग गाळला, तिथे 20 खंडांचा मूळ मांगाच वाचायला हवा. 'फुलमेटल अल्केमिस्ट'ची दोन अ‍ॅनिमे आहेत. 2003 चं आलं तेव्हा मांगा चालू होता, म्हणून त्याने स्वतःचा वेगळा शेवट केला; 2009 चं मांगाच्या मागोमाग जातं. तरी 27 खंडांचा मांगा मी वेगळा सुचवेन. अराकावा बाईंनी इतक्या पात्रांचे धागे जोडून कथा जिथे संपायला हवी तिथे संपवली आहे, आणि ते कागदावर जास्त नीट दिसतं.

आणि वाचायचं ते अधिकृत ठिकाणी. शुएइशाच्या 'मांगा प्लस'वर चालू मालिकांची पहिली आणि ताजी प्रकरणं मोफत असतात. चाखून बघायला तेवढी पुरतात.

उंबरठा

तेझुकांचं काय वाचावं? सगळे त्यांना मांगाचा देव म्हणतात, पण नेमकं पुस्तक कुणी सांगत नाही. 'बुद्धा' घेऊ का?

टाकबोरू

उंबरठा, 'बुद्धा' जरूर घ्या, पण चरित्र म्हणून नको. 1972 ते 1983 या काळात लिहिलेल्या या मालिकेत तेझुकांनी सिद्धार्थाभोवती पुष्कळ काल्पनिक माणसं उभी केली आहेत. प्राण्यांच्या मनात शिरणारा तात्ता, जन्म लपवून सेनापतीच्या घरी वाढणारा शूद्र मुलगा चाप्रा. सिद्धार्थाचा जन्म होतो तेव्हा कथा आधीच रंगात आलेली असते. मध्येच आधुनिक विनोद येतात, ते काहींना रुचत नाहीत. मला त्यांतला राग आवडतो. माणसाला जन्मावरून खाली ढकलणाऱ्या व्यवस्थेवर तेझुका सतत तुटून पडतात.

पण पहिलं पुस्तक म्हणून मी 'ब्लॅक जॅक' देईन. तेझुकांनी वैद्यकीय पदवी घेतली होती. 1973 मध्ये त्यांची अ‍ॅनिमेशन कंपनी दिवाळखोरीत गेली, काळ बदलला होता, लोक त्यांना जुने समजू लागले होते; त्याच वर्षी त्यांनी परवाना नसलेल्या, चेहऱ्यावर टाक्यांचे व्रण असलेल्या शल्यविशारदाची ही मालिका सुरू केली. एक कथा सुमारे वीस पानांची, अशा दोनशेहून जास्त कथा. प्रत्येकीत एक रुग्ण, एक अवघड निवड. डॉक्टर भरमसाट पैसे मागतो आणि ते का मागतो हे आपल्याला कथेगणिक उलगडत जातं. क्रमाने वाचायची गरज नाही. पहिल्या खंडातल्या तीन कथा वाचा आणि इथे येऊन लिहा, मग तेझुकांच्याच 'फीनिक्स'कडे कसं जायचं ते बोलू.

उंबरठा

'ब्लॅक जॅक'चा पहिला खंड मिळाला. सुरू करतोय.

कोरीपाटी

मी 'मुशिशी' सुरू केलं. पहिल्या कथेत जे चित्र काढेल ते जिवंत होतं असा मुलगा आहे आणि शेवटी त्याची आजी भेटते. तीच कथा पुन्हा वाचली, या वेळी सावकाश. अशा अजून स्वतंत्र कथांच्या मालिका असतील तर सांगा.

टाकबोरू

हितोशी आशिनानोंचं 'योकोहामा काइदाशी किको', 14 खंड. समुद्र वर चढलाय, माणसं कमी उरलीत, आणि अल्फा नावाची यंत्रमानव मुलगी एक छोटा कॅफे चालवते. बऱ्याच प्रकरणांत ती फक्त स्कूटरवरून कुठेतरी जाऊन येते. कुठलंही संकट निवारायचं नाही. 'मुशिशी' सावकाश वाचता आलं तर हेही तुम्हाला नक्की जमेल.